इंग्रजी वाक्प्रचार शिकवताना मराठी म्हणींचा आधार किती घ्यावा?

प्रश्न : इंग्रजी शिक्षिका, दारव्हा तालुका

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात आठवी ते दहावीच्या वर्गांना इंग्रजी शिकवते. वर्गातील बहुतेक मुले शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची आहेत. घरी ती वऱ्हाडी बोलतात आणि इंग्रजी त्यांच्या कानावर पडते ते शाळेत किंवा मोबाइलवर. वाक्प्रचारांसाठी त्यांच्याकडे एक गाइड आहे, ज्यात डाव्या बाजूला इंग्रजी वाक्प्रचार आणि उजव्या बाजूला त्याचा मराठी अर्थ किंवा एखादी म्हण एवढेच छापलेले असते. मुले ही यादी घडाघडा म्हणून दाखवतात. अडचण येते ती वाक्यात उपयोग करायला सांगितल्यावर.

मध्यंतरी अर्जलेखनाचा सराव घेताना एका मुलाने आजोबांच्या तेरवीसाठी सुटी मागणारा अर्ज लिहिला आणि त्यात ‘माय ग्रँडफादर किक्ड द बकेट’ हे वाक्य अगदी वळणदार अक्षरात घातले. गाइडमध्ये ‘किक द बकेट’पुढे ‘मरण पावणे’ असाच अर्थ असल्यामुळे त्याचे नेमके काय बिघडले हे त्याला पटवून देणे अवघड गेले. एका मुलीने अतिवृष्टीच्या नुकसानीबद्दल तहसीलदारांना अर्ज लिहिताना ‘बिकॉज ऑफ कॅट्स अँड डॉग्ज अवर सोयाबीन इज स्पॉइल्ड’ असे लिहिले; वाचणाऱ्याला वाटावे की कुत्र्यामांजरांनी पीक तुडवले. आणखी एकाने ‘पुल समवन्स लेग’चा उपयोग करताना, गावातले लोक पाय ओढतात म्हणून माणूस पुढे जात नाही, अशा आशयाचे वाक्य केले.

तेव्हा माझे विचारणे असे आहे की वर्गात मराठी म्हणींचा आधार घ्यावा की तो पूर्णपणे सोडून द्यावा, आणि तासिका मोजक्या असताना कोणते वाक्प्रचार आधी हाती घ्यावेत? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : सेवानिवृत्त शिक्षक, अचलपूर

मॅडम, मराठीचा आधार सोडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. गाइडने मराठी अर्थ दिला यात काही वावगे नाही. तो वाक्प्रचार कोणी, कोणापुढे आणि कोणत्या प्रसंगी उच्चारायचा हे त्याने सांगितले नाही, ही खरी उणीव आहे आणि ती वर्गातच भरून काढावी लागते.

मी स्वतः या धड्याची सुरुवात इंग्रजीने कधीच करत नसे. फळ्यावर ‘उलंगवाडी’ एवढाच शब्द लिहायचा आणि मुलांना विचारायचे की पुण्याहून बदलून आलेल्या साहेबाला हा शब्द कसा समजावून सांगाल. कापसाची शेवटची वेचणी आटोपली, पऱ्हाटीत गुरे सोडली की उलंगवाडी झाली, हे वऱ्हाडातल्या कोणत्याही मुलाला ठाऊक असते. आणि पतसंस्था बुडाली, एखाद्या पुढाऱ्याचे दिवस संपले, की ‘त्याची उलंगवाडी झाली’ असे आपण म्हणतो, हेही त्याने पारावर ऐकलेले असते. साहेबाला मात्र त्यातला एकेक शब्द शब्दकोशात शोधून काही उमगणार नाही. इतके झाले की वाक्प्रचार म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. मग पुढचा प्रश्न विचारायचा : शेजारच्या घरी मयत झाली असताना भेटायला जाऊन ‘आजोबांची उलंगवाडी झाली का’ असे कोणी विचारेल का? मुले हसतात, आणि तेथेच निम्मा धडा झालेला असतो.

‘किक द बकेट’चे नेमके असेच आहे. त्याचा अर्थ मरणे हाच आहे, पण त्याचा सूर आपल्या ‘गचकणे’ किंवा ‘खपणे’ यांच्या जातीचा आहे. फ्रान्सिस ग्रोझ यांनी १७८५ साली लंडनमध्ये हलक्या, बाजारू बोलीचा जो शब्दकोश छापला, त्यात हा वाक्प्रचार नोंदलेला आहे, यावरूनच त्याची बैठक कोणती ते कळावे. ‘माझे आजोबा गचकल्यामुळे मला दोन दिवसांची सुटी मिळावी’ असे मराठीत लिहून त्या मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. आपले काय बिघडले हे त्याला स्वतःलाच दिसेल. अर्जात ‘पास्ड अवे’ लिहावे, जे आपल्या ‘निधन झाले’च्या बरोबरीने चालते.

आता म्हणींच्या जोड्यांविषयी. काही जोड्या इतक्या चपखल बसतात की त्या न वापरणे म्हणजे हातचे सोडण्यासारखे होईल. ‘बैल गेला नि झोपा केला’ या म्हणीतील झोपा म्हणजे गोठ्याचे कवाड. इंग्रजीत घोडा पळून गेल्यावर तबेल्याचे दार लावतात, एवढाच फरक. ‘बर्न युवर फिंगर्स’ आणि ‘हात पोळणे’ यांतही काही सांगायला उरत नाही. माझ्या आवडीचे उदाहरण मात्र ‘रॉब पीटर टू पे पॉल’ हे आहे. मार्चअखेर सोसायटीचे पीककर्ज भरण्यासाठी चार दिवसांकरिता सावकाराकडून पैसे उचलायचे, ते भरून खाते ‘नवे-जुने’ करून घ्यायचे, आणि नवे कर्ज हातात पडताच सावकाराला परत करायचे, हा व्यवहार ज्या मुलाने आपल्या बापाला दरवर्षी करताना पाहिला आहे, त्याला या वाक्प्रचारासाठी गाइडची गरजच काय? ‘याची टोपी त्याला’ ही म्हण सांगा, नवे-जुनेचे उदाहरण द्या आणि पुढे चला.

धोका आहे तो दिसायला सारख्या, पण आतून वेगळ्या असणाऱ्या जोड्यांचा. ‘पाय ओढणे’ याचा आपला अर्थ दुसऱ्याच्या प्रगतीत आडवे येणे असा आहे, तर ‘पुल समवन्स लेग’ म्हणजे खोटेच काहीतरी सांगून गमतीने थट्टा करणे. पहिल्यात द्वेष आहे, दुसऱ्यात मैत्री आहे. ‘अ पिंच ऑफ सॉल्ट’ वाचून मुलांना ‘तिखटमीठ लावून सांगणे’ आठवते, पण येथे सांगणाऱ्याचा संबंध नसून ऐकणाऱ्याने सगळ्यावर विश्वास ठेवू नये असा अर्थ आहे. ‘कोल्ड फीट’ पाहून ‘हातपाय गार पडणे’ लिहिले जाते. आपले हातपाय साप दिसला तरी गार पडतात, परंतु ‘कोल्ड फीट’ येतात ते आधी ठरवलेल्या गोष्टीची वेळ जवळ आल्यावर, म्हणजे साखरपुडा झाल्यावर नवरदेव कच खाऊ लागला तर. ‘फ्लॉग अ डेड हॉर्स’पुढे बहुतेक गाइडांत ‘पालथ्या घड्यावर पाणी’ असते, आणि तेही पुरते जुळत नाही, कारण पालथा घडा हा उपदेश न घेणारा माणूस आहे, तर मेलेला घोडा म्हणजे निकाल लागून संपलेला विषय, जो कोणी पुन्हापुन्हा उकरून काढतो.

‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’ला सर्रास तवा आणि पोळी जोडली जाते. ती पोळी खरे तर तापलेल्या लोखंडावर घण घालणाऱ्या ‘स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट’ची जोडीदार आहे. ‘हे’ म्हणजे कापून उन्हात वाळवलेले गवत. इंग्लंडात पाऊस केव्हाही येतो म्हणून उघडीप मिळेल तेवढ्यात ते वाळवून घ्यावे लागते. परतीच्या पावसाचे ढग जमू लागले असताना गंजीवरची ताडपत्री काढून, थ्रेशरवाल्याच्या विनवण्या करून, रात्रीचे जागून सोयाबीन काढणाऱ्या घरातील मुलांना याहून वेगळे काही समजावावे लागू नये.

उत्तर : स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, ब्रह्मपुरी

सरांनी फार मोलाचे लिहिले आहे. त्याला परीक्षेच्या बाजूने थोडी जोड देतो. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संयुक्त मुख्य परीक्षेत इंग्रजीच्या भागामध्ये वाक्प्रचारांचा अर्थ आणि उपयोग हा घटक आहे, आणि चार पर्यायांपैकी एक पर्याय बहुधा शब्दशः अर्थाचा आणि एक ‘साधारण तसाच’ असतो. यादी पाठ केलेला विद्यार्थी या दुसऱ्या पर्यायात अडकतो.

याचा उत्तम नमुना म्हणजे ‘हॉब्सन्स चॉइस’. कित्येक जण याचा अर्थ ‘इकडे आड, तिकडे विहीर’ असा सांगतात, आणि तो चुकीचा आहे. टॉमस हॉब्सन हा केंब्रिजमध्ये घोडे भाड्याने देणारा माणूस होता. तो १६३१ साली वारला. दाराजवळचा घोडा आधी न्यायचा, नाहीतर पायी जायचे, असा त्याचा नियम होता, जेणेकरून चांगल्या घोड्यांवर रोजचा ताण येऊ नये. म्हणजे येथे दोन वाईट पर्याय नसून, निवडीचा केवळ देखावा आहे आणि प्रत्यक्षात पर्याय एकच आहे. आपल्याकडे पेरणीच्या दिवसांत एखादा दुकानदार ‘युरिया पाहिजे असेल तर सोबत ही बाटली घ्यावीच लागेल, नाहीतर युरिया नाही’ असे सांगतो, ज्याला सगळे ‘लिंकिंग’ म्हणतात, तो हाच प्रकार होय. आड आणि विहीर यांच्यासाठी इंग्रजीत ‘बिटवीन द डेव्हिल अँड द डीप सी’ हा वाक्प्रचार आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे वाक्प्रचाराचा साचा. आपण ‘नाकी नऊ आले’ म्हणतो. कितीही त्रास झाला तरी ‘नाकी दहा आले’ म्हणत नाही. इंग्रजीतही ‘कॅट्स अँड डॉग्ज’चा क्रम बदलत नाही आणि त्याच्या आधीचे ‘रेन’ हे क्रियापद गाळता येत नाही, कारण कुत्रीमांजरे म्हणजे पाऊस नव्हे. त्या क्रियापदासह सगळे मिळून ‘धो धो पाऊस पडणे’ असा अर्थ होतो. मॅडमच्या विद्यार्थिनीचे वाक्य तेथे फसले आहे. त्यातही गंमत अशी की काही वाक्प्रचार थोडी हालचाल सहन करतात आणि काही अजिबात करत नाहीत. ‘स्पिल द बीन्स’, म्हणजे गुपित फोडणे, याचा कर्मणी प्रयोग केला तरी अर्थ टिकतो. परंतु ‘द बकेट वॉज किक्ड’ असे लिहिले की कोणी मरत नाही, नुसती बादली कलंडते. हे नियमाने सांगता येत नाही, त्यामुळे प्रत्येक वाक्प्रचार एका पूर्ण वाक्यासह वहीत उतरवणे हाच उपाय मला लागू पडला आहे.

प्रश्नकर्त्या : इंग्रजी शिक्षिका, दारव्हा तालुका

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ‘गचकले’चे वाक्य उद्याच वर्गात वाचून घेते. हॉब्सनची हकिकत वाचून एक उपप्रश्न सुचला. मुलांना अशा उगमकथा फार आवडतात आणि त्यांमुळे वाक्प्रचार लक्षातही राहतो, परंतु मोबाइलवर फिरणाऱ्या कथांपैकी खऱ्या कोणत्या हे कसे ओळखावे? कुत्री आणि मांजरे गवताच्या छपरात झोपत आणि पावसात घसरून खाली पडत, म्हणून तो वाक्प्रचार आला, असे आमच्या गटात कोणीतरी पाठवले होते.

उत्तर : ग्रंथपाल, वणी

मॅडम, ती छपराची कथा रचलेली आहे. तिला कोणताही जुना पुरावा नाही, आणि ज्याने तुराट्यांचे किंवा गवताचे छप्पर शाकारलेले पाहिले आहे त्याला तो पुरावा मागायचीही गरज नाही, कारण मांजर एक वेळ छपरात शिरेल, परंतु कुत्रा तेथे झोपायला कशासाठी चढेल? हा प्रयोग वेगवेगळ्या रूपांत सतराव्या शतकापासून आढळतो, जोनाथन स्विफ्ट यांनी १७३८ साली छापलेल्या संवादांत तो आजच्या स्वरूपात येतो, आणि तो मुळात कशावरून निघाला याचा निर्णय अभ्यासकांनी अजून दिलेला नाही. माझा साधा ठोकताळा असा आहे की ज्या कथेत माणसाचे नाव, ठिकाण आणि साल सापडते ती तपासून पाहता येते. ‘पूर्वीच्या काळी लोक असे करत’ अशी सुरुवात असलेली कथा मी वर्गात कथा म्हणूनच सांगेन.

तपासता येणाऱ्यांपैकी नेल्सनची हकिकत मुलांना हमखास आवडेल. १८०१ साली कोपनहेगनच्या आरमारी लढाईत वरिष्ठाने माघारीचा इशारा देणारी निशाणे चढवली, तेव्हा एका डोळ्याची दृष्टी गमावलेल्या नेल्सन या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने दुर्बीण त्याच डोळ्याला लावली आणि आपल्याला इशारा दिसत नाही असे म्हटले. ‘टर्न अ ब्लाइंड आय’ या वाक्प्रचाराशी ही घटना कायमची जोडली गेली आहे. आपल्या ‘कानाडोळा करणे’ याच्याशी तो उत्तम जुळतो, कारण दोन्हींत दिसत असूनही न पाहिल्यासारखे करणे आहे. ‘पिऱ्हिक व्हिक्टरी’ हाही असाच इतिहासातला. एपिरस या प्राचीन ग्रीक राज्याचा राजा पिऱ्हस याने इसवी सनापूर्वी २७९ मध्ये रोमनांचा पराभव केला, पण त्यात त्याचे इतके सैन्य कामी आले की तो विजय हरण्यासारखाच ठरला. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादात दोन पिढ्या कोर्टाच्या तारखा करून, वकिलाच्या फीपायी अर्धे वावर विकून, शेवटी दोन हात रुंदीची पट्टी जिंकणारी माणसे प्रत्येक गावात असतात. नावे न घेता उदाहरण द्यावे.

‘कॅरी कोल्स टू न्यूकॅसल’ हा वाक्प्रचार तर आमच्या कोळसा खाणींच्या भागासाठीच केला असावा असे वाटते. इंग्लंडच्या ईशान्येला टाइन नदीवरचे न्यूकॅसल हे कोळशाचे मोठे केंद्र होते आणि तेथून जहाजांनी लंडनला कोळसा जात असे, त्यामुळे तेथेच कोळसा घेऊन जाणे म्हणजे शुद्ध व्यर्थ खटाटोप. वणीच्या किंवा बल्लारपूरच्या मुलाला हे एका वाक्यात कळते. दारव्ह्याच्या मुलांना नागपूरला संत्री विकायला नेण्याचे उदाहरण द्या.

आणखी एक सोय लक्षात घ्यावी. काही इंग्रजी वाक्प्रचार मराठीत येऊन इतके मुरले आहेत की मुलांना ते आपलेच वाटतात. ‘लालफीत’ हा इंग्लंडात सरकारी आणि न्यायालयीन कागद लाल फितीने बांधण्याच्या पद्धतीवरून आलेला. ‘पांढरा हत्ती’ आणि ‘पेल्यातील वादळ’ हेही इंग्रजीवाटे आलेले. हे शिकवायला वेळच लागत नाही, त्यामुळे आत्मविश्वास वाढवण्यासाठी पहिल्या तासिकेत हेच घ्यावेत असे सुचवतो.

उत्तर : शेतकरी उत्पादक कंपनीचा व्यवस्थापक, हिंगणघाट

मॅडमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे आधी काय शिकवावे याकडे, चर्चेचे थोडे दुर्लक्ष झाले आहे असे वाटले म्हणून लिहितो. रुईगाठींच्या व्यवहारामुळे परराज्यांतील आणि परदेशांतील खरेदीदारांशी माझा इंग्रजीत पत्रव्यवहार चालतो. त्या अनुभवावरून सांगतो की गाइडमध्ये अग्रभागी असलेले बरेच वाक्प्रचार प्रत्यक्षात क्वचितच भेटतात. मुसळधार पावसासाठी इंग्रज माणूस आज कुत्र्यामांजरांपेक्षा ‘इट्स पोअरिंग’ असेच सहज म्हणतो. याउलट ‘द बॉल इज इन युवर कोर्ट’ (आता पुढचे पाऊल तुमचे), ‘इन द लाँग रन’ (दूरचा विचार करता), ‘कट कॉर्नर्स’ (काम कसेबसे उरकणे), ‘ऑन द सेम पेज’ (एकमत असणे), ‘रूल ऑफ थम्ब’ (अनुभवाचा ढोबळ नियम) हे जवळजवळ रोज वाचनात येतात आणि गाइडमध्ये त्यांना जागा नसते. माझ्या मते मुलांना वाक्प्रचारांचे दोन गट करून द्यावेत : काही स्वतः लिहिण्याबोलण्यासाठी आणि बरेचसे केवळ वाचताना समजण्यासाठी. ‘किक द बकेट’ हा दुसऱ्या गटातच राहू द्यावा.

खेळांतून आलेले वाक्प्रचार पहिल्या गटात घालायला सोपे जातात. विदर्भाच्या संघाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ या हंगामांत रणजी करंडक जिंकला आहे आणि आमच्याकडे कापणी झालेल्या प्रत्येक वावरात क्रिकेट चालते, तेव्हा ‘ऑन द बॅक फूट’ म्हणजे बचावाच्या पवित्र्यात जाणे, हे सांगताना मुलांना उभे करून पाय मागे घ्यायला लावले तरी पुरे. ‘स्टिकी विकेट’ थोडे समजावावे लागेल : पूर्वी खेळपट्ट्या झाकत नसत, पावसाने भिजलेली खेळपट्टी उन्हात वाळताना चेंडू वाटेल तसा उसळे आणि फलंदाजाचे हाल होत, त्यावरून अवघड परिस्थिती असा अर्थ आला.

येथे एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. अमेरिकेतील माणसाला ‘स्टिकी विकेट’ लिहिले तर त्याला काही बोध होत नाही, जसा त्याच्या ‘बॉलपार्क फिगर’ने आपल्याला होत नाही, तो बेसबॉलच्या मैदानावरून आलेला असून त्याचा अर्थ ढोबळ, अंदाजे आकडा असा आहे. आमच्या कार्यालयातील एका नव्या मुलाने खरेदीदाराच्या पत्रात तो वाचून, आपल्याला मैदानाचे क्षेत्रफळ कशासाठी विचारले आहे, अशी पृच्छा केली होती. कित्येक वाक्प्रचारांत दोन्ही देशांत एखादाच शब्द बदलतो : आपली टिमकी वाजवायला इंग्रज तुतारी घेतो म्हणून ‘ब्लो युवर ओन ट्रम्पेट’ आणि अमेरिकन शिंग घेतो म्हणून ‘हॉर्न’, घराण्याचे लपवलेले लांच्छन, म्हणजे ‘स्केलेटन’, एकाच्या ‘कबर्ड’मध्ये असते तर दुसऱ्याच्या ‘क्लॉझेट’मध्ये. मुले मोबाइलवर दोन्ही ऐकतात आणि गाइडमध्ये एकच सापडते, म्हणून दुसरे चुकीचे ठरवतात. दोन्ही फळ्यावर शेजारी लिहून, एका उत्तरात एकच पद्धत ठेवा, एवढे सांगितले तर हा गोंधळ राहत नाही.